नव्या लॅपटॉपची पाटी कोरी करण्यापूर्वीं

घरांत नवी वस्तु आली म्हणजे तिला हळदकुंकू लावून, घटकाभर देवापुढें ठेवून मगच वापरावयास काढण्याची आपली रीत आहे. लॅपटॉपही आतां या रीतीबाहेर राहिलेला नाहीं. दसऱ्यास पोथीपुस्तकांच्या शेजारीं पाटावर तो दिसतो. परंतु ज्या वस्तूला आपण एवढ्या भावानें कोरी समजतों, ती कोरी असतेच असें नाहीं. पेटींतून निघालेला लॅपटॉप उघडावा तों त्यांत महिन्याभरानें पैसे मागूं लागणारा अँटिव्हायरस, कोणी न मागितलेले खेळ, दोनचार दुकानांच्या जाहिराती आणि निर्मात्याचे स्वतःचे तीनचार कार्यक्रम आधींच ठाण मांडून बसलेले असतात. नव्या घराची किल्ली हातीं पडावी आणि आंत पाऊल टाकावें तों प्रत्येक खोलींत कोणी ना कोणी पथारी पसरलेला, तसाच हा प्रकार होय.

या बिनबोलावल्या पाहुण्यांना निरोप देऊन ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राला जागें करून त्याच्याकडून सर्व कामें करवून घेणारी मूळ व्यवस्था, पहिल्यापासून कोरी बसवावी काय, असा प्रश्न कॉलेजांत जाणारीं मुलें ज्यांच्या घरीं आहेत अशा वाचकांकडून वरचेवर येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सांभाळ मायक्रोसॉफ्टनें थांबविल्यानंतर अनेक घरांना नवें यंत्र घेणें भाग पडलें, तेव्हांपासून तर तो अधिकच येऊं लागला आहे. आमचें उत्तर 'अवश्य बसवावी' असेंच आहे. मात्र ती केव्हां बसवावी, आणि बसविण्यापूर्वीं घरांत कोणाकोणाला विचारावें, हें तिच्या कृतीपेक्षां महत्त्वाचें आहे असें आमचें मत असल्यानें त्यासंबंधीं थोडें विस्तारानें लिहितों.

"एवढ्याशा अडगळीसाठीं इतका खटाटोप कशाला?" असें म्हणणारांनीं फेब्रुवारी २०१५ मधील प्रकरण आठवावें. लेनोव्हो कंपनीनें सप्टेंबर २०१४ पासून विकलेल्या कांहीं घरगुती लॅपटॉपांत सुपरफिश नांवाचा कार्यक्रम आधींच घालून दिलेला होता. जाहिराती दाखविणें एवढेंच त्याचें काम. पण तें साधण्यासाठीं त्यानें यंत्रांत आपलें स्वतःचें प्रमाणपत्र बसविलें होतें, आणि त्यामुळें बँकेच्या पानासारखा बंद लखोट्यांतील व्यवहारही त्याला मधल्यामध्यें उघडतां येत असे. त्याहून वाईट हें कीं, त्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली सर्व यंत्रांत एकच होती. ती एका ठिकाणीं सांपडली कीं बाकी सर्वांच्या कुलपांना लागावी! ती लवकरच सांपडलीही. कंपनीनें मागाहून तो कार्यक्रम उपटून टाकण्याचें साधन दिलें. परंतु त्याच वर्षीं नोव्हेंबरांत डेल कंपनीच्या कांहीं यंत्रांतही याच जातीचें प्रमाणपत्र निघालें. प्रत्येक निर्माता असेंच करतो, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. पण जें आपण आंत घेतलें नाहीं तें काय करतें, हेंही आपल्याला ठाऊक नसतें.

प्रत्यक्ष कृति आतां फारशी अवघड राहिलेली नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मिळणाऱ्या साधनानें निदान ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह तयार करावा. त्यावर पूर्वीं जें असेल तें पुसलें जातें, एवढें ध्यानांत ठेवावें. यंत्रांतच असलेल्या 'रीसेट'नें काम भागेल असें पुष्कळांना वाटतें, परंतु त्यानें निर्मात्याचे कार्यक्रम बहुधा पुन्हां येऊन बसतात. परवान्याची काळजी नको. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून तो परवाना यंत्राच्या मदरबोर्डावरच नोंदलेला असतो आणि त्याच प्रकारची विंडोज बसविली तर आपोआप ओळखला जातो. यासाठींच, "आम्ही विंडोज टाकून देतों" असें म्हणून कोणी कोठून तरी आणलेली प्रत बसवूं लागला तर त्यास हात जोडावे. घर झाडून पुन्हां शेजाऱ्याचा केर आंत घेण्यांत कोणता शहाणपणा?

एक अडचण मात्र हटकून येते. कोऱ्या विंडोजला कित्येक नव्या लॅपटॉपांचें वाय-फाय ओळखतां येत नाहीं, कधीं कधीं आंतली डिस्कही दिसत नाहीं. आणि ती बसवितांना तर इंटरनेट हवेंच म्हणून अडून बसते. तेव्हां त्या त्या भागाचे ड्रायव्हर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आधींच उतरवून त्याच पेन ड्राइव्हवर ठेवावे. बॅटरी भरलेली असावी आणि वायरही जोडलेली असावी. आमच्या पिंप्राळ्यांत वैशाखांत उन्हाचा पारा चव्वेचाळीसाच्या पुढें गेला म्हणजे वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, म्हणून हें काम आम्ही सकाळच्या प्रहरींच करवितों.

मुहूर्त मात्र पहिल्या दिवसाचा. त्या दिवशीं यंत्रांत गमावण्यासारखें कांहींच नसतें. आठ दिवसांनीं त्यांत मुंजीचे फोटो येतात, महिन्यानें विम्याचे कागद येतात, आणि मग पाटी कोरी करण्याचा धीर कोणास होत नाहीं.

आतां विचारण्याची गोष्ट. विंडोज ११ बसतांना मायक्रोसॉफ्टचें खातें मागते. एकत्र कुटुंबांत हें खातें कोणाचें असावें? विचार कोणी करीत नाहीं. जो मुलगा किंवा जी सून तें काम करावयास बसते, तिचें नांव तेथें पडतें. २०२४ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून असें झालें आहे कीं, अशा खात्यानें कोरी विंडोज बसविली म्हणजे बहुतेक यंत्रांत डिस्कला आपोआप कुलूप लागतें, आणि त्याची ४८ अंकी किल्ली त्या एका खात्यांत जाऊन बसते. कुलूप वाईट नव्हे. लॅपटॉप प्रवासांत हरवला तर घरचे कागद चोराच्या हातीं लागत नाहींत. परंतु मुलगा नोकरीसाठीं परदेशीं जातो, त्याचें तें जुनें खातें बंद पडतें, मागें यंत्राचा मदरबोर्ड बदलावा लागतो, आणि एके दिवशीं पडद्यावर ४८ अंकांची मागणी येऊन उभी राहते. शेताचे उतारे, वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे कागद, आषाढीच्या रथाचे इतक्या वर्षांचे फोटो सारें आंत, आणि आपण दाराबाहेर! ती किल्ली मायक्रोसॉफ्टही आपणांस नवी करून देऊं शकत नाहीं. म्हणून पहिल्याच दिवशीं ते अंक स्वच्छ अक्षरांत कागदावर उतरून घेऊन, खरेदीखतें ज्या कपाटांत असतात तेथें ठेवावे, आणि निदान दोघांना सांगून ठेवावें. त्या दोघांत घरांतील एक स्त्री असावी, कारण घरांत सदा कोण असतें हें आम्ही सांगावयास नको.

दुसरी विचारपूस घरांतील वडीलधाऱ्यांची. आमच्या आळींत एका घरीं आजोबांनीं निवृत्तीनंतर अकरा वर्षें खपून आपल्या घराण्याचा कुलवृत्तान्त जुन्या संगणकावर टंकिला होता. नातवानें नव्या लॅपटॉपवर विंडोज कोरी करून घेतली, आजोबांच्या फाइली मोठ्या काळजीनें आणल्या आणि जुनें यंत्र बदलींत दुकानदारास दिलें. सायंकाळीं आजोबांनीं पहिलें प्रकरण उघडलें. पडद्यावर इंग्रजी अक्षरें, स्वल्पविराम, डॉलरचीं चिन्हें यांची गर्दी. मराठी एक अक्षर नाहीं. त्यांनीं चष्मा पुसला, पुन्हां पाहिलें आणि एवढेंच विचारलें, "अरे, माझें लिहिलेलें कोठें आहे?"

लिहिलेलें तेथेंच होतें. अक्षरांचें रूप तेवढें मागें राहिलें होतें. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तींत, १९९१ सालीं, देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले आणि विंडोज २००० पासून ते घरगुती संगणकावर वापरतां येऊं लागले. परंतु त्यापूर्वीं आणि त्यानंतरही बरींच वर्षें मराठी छपाईचा संसार श्रीलिपि, आकृति अशा साधनांवर चालला, आणि त्यांनीं तो उत्तम चालविला. त्या पद्धतींत फाइलींत साठविला जातो तो रोमन अक्षराचा क्रमांक. त्याच्यावर 'क' किंवा 'म' याचा पोशाख चढवितो तो फॉन्ट. फॉन्ट नसला कीं पोशाख उतरला. नव्या कोऱ्या यंत्रांत तो जुना फॉन्ट असणार कोठून? तो फाइलींबरोबर येत नाहीं, निराळा आणावा लागतो, आणि जुन्या यंत्राच्या 'फॉन्ट्स' या कप्प्यांत तो निमूटपणें बसलेला असतो. ज्यानें टंकिलें त्याला विचारल्यावांचून तें दुसऱ्या कोणाच्या ध्यानांत येणें कठीण.

नातू तसाच उठून दुकानीं धांवला. सुदैवानें जुनें यंत्र अजून फळीवरच होतें, पुसलें गेलें नव्हतें. फॉन्ट मिळाला, तो नव्या यंत्रांत बसविला आणि प्रकरण जसेंच्या तसें उभें राहिलें. पण फॉन्टाच्या आधारावर पुढच्या पिढीपर्यंत पोंचतां येणार नाहीं, म्हणून सर्व मजकूर परिवर्तकांतून युनिकोडांत घेण्याचें ठरलें. परिवर्तक नेमका अडखळतो तो ऱ्हस्व वेलांटीशीं आणि रफाराशीं. वेलांटी डोळ्यांस व्यंजनाआधीं दिसते आणि युनिकोडांत ती मागून येते. रफार दिसतो पुढच्या अक्षराच्या माथ्यावर आणि मोजला जातो त्याच्या आधीं. जुना फॉन्ट दिसेल तसा लिहिणारा, युनिकोड उच्चारेल तसा लिहिणारें. त्यामुळें कांहीं पूर्वजांच्या नांवांत वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली, आणि एका गोत्राचें नांव तर ओळखूं येईना.

आतां तें घर रोज दुपारीं चहानंतर तपासणीस बसतें. सून मोठ्यानें वाचते, आजोबा जुनी छापील प्रत समोर धरून बोट फिरवितात, आणि नातू पडद्यावर दुरुस्ती करतो. नव्या मजकुरासाठीं त्यानें आजोबांना विंडोजमधलाच मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक लावून दिला आहे. त्यांत स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजनें उजव्या हाताकडे असतात, ही योजना आजोबांना व्याकरणशुद्ध वाटून फार आवडली. नातवाला मात्र इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटविणारा फोनेटिक कळफलकच सोपा पडतो, आणि त्यावरून दोघांची नित्य चकमक उडते. गेल्या आठवड्यापर्यंत सातव्या पिढीचीं नांवें तपासून झालीं होतीं.