घरबसल्या शिक्षणाचा ताळेबंद

दिवाळीला जुन्या वह्या मिटतात आणि नव्या चोपड्यांवर कुंकू लागते. २०२१ च्या दिवाळीत मात्र व्यापारी घरांत आणखी एक हिशेब मांडायचा राहिला होता. तो होता मुलांच्या घरबसल्या शिक्षणाचा. राज्यातील महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा उघडली, आणि त्याबरोबरच अनेक घरांत एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जाऊ लागला : घरी बसून वर्ष पार पडले, गुणही चांगले मिळाले, मग मुलीला पुन्हा पुण्याच्या वसतिगृहात कशाला धाडायचे? खोलीचे भाडे वाचले, खाणावळ वाचली, काळजी वाचली.

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी महाबळेश्वरच्या बाजारपेठेतील एखाद्या दुकानदाराची, वाणिज्य शाखेत शिकणारी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. मार्च २०२० मध्ये ती पुण्याहून घरी परतली, आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. एप्रिल-मे म्हणजे महाबळेश्वरचा हंगाम. वर्षाची बेगमी याच दोन महिन्यांत होते. त्या वर्षी पर्यटकच आले नाहीत. शेतात तयार झालेल्या स्ट्रॉबेरीला गिऱ्हाईक नव्हते, आणि दुकानात भरलेला माल फळ्यांवर पडून राहिला.

अशा वेळी वडिलांशेजारी बसून देण्याघेण्याची यादी करणाऱ्या मुलीला ‘खेळते भांडवल’ या शब्दाचा अर्थ पुस्तकाबाहेर कळला. कोणाचे देणे आधी फेडायचे, कोणाकडे मुदत मागायची, नोकराचा पगार कसा सांभाळायचा, हे तिने पाहिले. व्याख्यान ध्वनिचित्रमुद्रित असेल तर न समजलेला भाग तीनदा ऐकण्याची सोय तिला मिळाली. स्वतःचे वेळापत्रक स्वतः आखण्याची सवय लागली. हे सारे प्रामाणिकपणे जमेच्या बाजूस लिहिले पाहिजे.

आता नावेची बाजू. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जुलै २०२१ मध्ये तर एकाच दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवसांत वीज जाते, पाठोपाठ नेटवर्क जाते, आणि व्याख्यान अर्ध्यावर तुटते. पण हे नुकसान दिसणारे आहे. न दिसणारे त्याहून मोठे. वर्गात शंका आली की हात वर करता येतो. तेवढे धैर्य नसेल तर तास संपल्यावर दाराशी प्राध्यापकांना गाठता येते, किंवा शेजारच्या मैत्रिणीला विचारता येते. पडद्यावरच्या वर्गात कॅमेरा बंद, आवाज बंद. शंका मनातच राहते आणि हळूहळू शंका येणेच थांबते. त्यात ‘ती घरीच तर आहे’ या एका वाक्याने तिचा अभ्यासाचा वेळ कधी स्वयंपाकघरात, तर कधी गल्ल्यावर खर्ची पडतो. पर्यायांतून उत्तर निवडायच्या परीक्षेत मिळालेले गुण ही तूट दाखवत नाहीत.

दूरस्थ शिक्षण महाराष्ट्राला नवे नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. तेथील पुस्तके एकट्याने शिकणाऱ्यासाठी लिहिलेली असतात आणि अडचणीसाठी अभ्यासकेंद्रे असतात. ज्यांना नोकरी-व्यवसाय सोडता येत नाही, त्यांच्यासाठी ती वाट मोलाची आहे. २०२० मध्ये झाले ते वेगळे : वर्गासाठी आखलेला अभ्यासक्रम एका रात्रीत फोनवर आला. संकटकाळची ती तडजोड होती. तिला कायमची व्यवस्था समजणे योग्य नव्हे.

सातारा जिल्ह्याला तरी हे निराळे सांगायला नको. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. शाळांइतकाच, किंबहुना अधिक, जीव त्यांनी वसतिगृहाला लावला. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहिली, एका पंक्तीत जेवली, कष्ट करून शिकली. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. केवळ धडे पोहोचवून भागले असते, तर एवढा त्याग करण्याचे कारण नव्हते. घराबाहेर, अनोळखी माणसांत राहून जे शिक्षण होते, त्याची किंमत त्या दांपत्याने जाणली होती.

म्हणून वाचलेल्या भाड्याला नफा समजण्याची घाई करू नये. मुलीला समोर बसवून दोन गोष्टी विचाराव्यात : या काळात कोणता विषय कच्चा राहिला, आणि पुढे काय करण्याची इच्छा आहे. कच्चा राहिलेला विषय भरून काढण्यासाठी शिकवणी किंवा जादा वेळ द्यावा. लस घेणे, प्रकृतीची काळजी, वसतिगृहातील व्यवस्था यांची चौकशी अवश्य करावी. पण तेवढे झाल्यावर तिचे सामान बांधून द्यावे. गल्ला सांभाळायला माणूस मिळतो. विसाव्या वर्षी चार समवयस्कांत बसून विचारायचे प्रश्न मात्र पुढे कोणत्याही भावाने विकत मिळत नाहीत.