सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे

अम्मीच्या छातीतल्या गाठीची बायोप्सी झाली की रिपोर्ट येईपर्यंत घरात एकच वाक्य फिरतं: ‘सब्र करो.’ बहुतेकदा त्याचा अर्थ असतो, भीती बोलून दाखवू नकोस. पण सूरह यूसुफमध्ये ‘सब्रे जमील’ हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत, ते हजरत याकूब मुलाच्या विरहात डोळे पांढरे होईपर्यंत रडले. मग अम्मीलाही रडू द्या. उशीर म्हणजे वाईट बातमी, असंही नाही. तो तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवून, मेणात बसवून, पातळ कापून, रंगवून मगच सूक्ष्मदर्शकाखाली जातो. कधी आणखी चाचण्या लागतात. रात्री दोनला गूगल चाळण्यापेक्षा रिपोर्ट कधी येणार आणि तो कोण समजावणार, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. त्या दिवशी सुट्टी टाका, तिच्यासोबत जा.