कानांतलें आकाश

भिवंडीस राहणाऱ्या माणसाला ‘शांतता म्हणजे काय’ असें कोणीं विचारूं नये. यंत्रमागांची खटखट येथें पहाटे सुरू होते असें म्हणणेंहि चुकीचें, कारण रात्रीं ती थांबलेलीच नसते. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांनीं ती अहोरात्र चालते. धोटा या टोंकाकडून त्या टोंकाकडे फेंकला जातो, तेथें आपटतो आणि पुन्हां फेंकला जातो. अशा शेंकडों मागांचा मिळून होणारा नाद भिंतींतून, जमिनींतून, क्वचित् पलंगाच्या पायांतूनहि घरांत शिरतो. अशा गांवीं घरोघरची तरुण मंडळी कानांत इअरफोन खोंचून बसते, यांत आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. आश्चर्य याचें वाटतें, कीं त्या यंत्राच्या किंमतीची चर्चा चार दिवस चालते आणि त्याच्या टोंकास बसविलेल्या लहानशा रबराकडे कोणी ढुंकून पाहात नाहीं. डबींत त्या रबराच्या आणखी दोन जोड्या लहानमोठ्या आकारांच्या असतात; त्या डबीबरोबरच कपाटांत जातात.

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं मध्यंतरीं गंमत झाली. नातवानें हौसेनें नवा इअरफोन आणला, आजोबांच्या कानांत घातला आणि त्यांच्या आवडीच्या ख्यालाचें ध्वनिमुद्रण लाविलें. दोन मिनिटें ऐकून आजोबा म्हणाले, “अरे, तबला वाजतो आहे, पण डग्गा कोठें आहे?” गायकाचा आवाज होता, तंबोऱ्याची झणझण होती, चाटेवरच्या बोलांची धार तर नको इतकी होती, घुमारा तेवढा नाहींसा. यंत्र परत करण्याची भाषा सुरू झाली. इतक्यांत सूनबाईंनीं डबींतलें मोठें रबर काढून उजव्या बाजूस चढविलें, आणि आजोबा मांडीवर ठेका धरूं लागले. डाव्या कानास मात्र मधलेंच रबर नीट बसलें.

नैयायिकांनीं श्रोत्रेंद्रियाचें लक्षण सांगतांना त्यास कर्णशष्कुलीनें मर्यादित झालेलें आकाश असें म्हटलें आहे. आधुनिक शारीरशास्त्रास हें मान्य होणार नाहीं. त्याच्या मतें ऐकण्याचें खरें काम पडद्याच्या पलीकडे, गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या भागांत होतें. परंतु इअरफोनापुरतें पाहिलें तर ‘मर्यादित’ हा शब्द आमच्या मतें लाखमोलाचा आहे. कर्णनलिका प्रौढ माणसांत सुमारें २५ मिलिमीटर लांब, ७ मिलिमीटर रुंद आणि किंचित् नागमोडी असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग मऊ कूर्चेचा, आंतला हाडाचा. रबरानें तिचें तोंड मिटलें म्हणजे आंत कोंडली जाणारी हवा एक-दोन घन सेंटिमीटर, चहाच्या चमच्याच्या तळाशीं राहील एवढी. इअरफोनांतला इवलासा पडदा एवढीच हवा दाबूं आणि सोडूं शकतो. फट राहिली कीं ती हवा मर्यादित राहात नाहीं; मग बाहेरचें अफाट आकाश हलविण्याचें काम त्या बिचाऱ्यावर येऊन पडतें.

मग सगळाच आवाज कमी न होतां नेमका घुमाराच कां जातो? याचें उत्तर सायकलच्या पंपांत आहे. वायसर झिजलेला पंप सावकाश दाबला तर हवा कडेनें मागें निसटते आणि चाकांत कांहींच जात नाहीं. तोच झटक्यानें दाबला तर निसटण्यास अवधि मिळत नाहीं, थोडी तरी हवा पुढें जाते. खर्जाचीं आंदोलनें सावकाश, सेकंदास साठ, सत्तर, शंभर अशीं, झणझणीचीं हजारोंनीं. म्हणून फटींतून प्रथम खर्ज पळतो. दुकानदार यास ‘बेस कमी’ म्हणतो आणि दुप्पट किंमतीचें यंत्र पुढें करतो!

त्याच फटींतून उलट दिशेनें बाहेरची घरघर आंत येते. शिटीसारखे उंच आवाज पातळ रबरहि बरेच अडवितें; परंतु एस्. टी.चें इंजिन, जनरेटर, मागांचा दणका यांना अडवावयाचें तर कोठेंहि फट असतां कामा नये. शिवाय खालच्या पट्टींतील गोंगाटाचा असा स्वभाव आहे, कीं तो आपल्याहून वरच्या पट्टींतील आवाजांसहि झांकून टाकतो. एका फटीनें होणारीं हीं दोन नुकसानें आहेत.

रबर निवडतांना दोन्ही कान सारखे असतील असें गृहीत धरूं नये. मोठें तें घट्ट, हाहि समज खरा नाहीं; फार मोठें रबर नलिकेंत चुरमडतें, त्यास घडी पडते आणि घडीशेजारीं फट राहतेच, दुखतें तें निराळें. बसवितांना दुसऱ्या हातानें कानाची पाळी वर आणि मागें ओढावी, म्हणजे नलिकेचें वांकण सरळ होतें. डग्ग्याचा ठेका लावून इअरफोन बोटानें हलकेच दाबावा. दाबतांच घुमारा वाढला तर रबर बसलेलें नाहीं असें समजावें. स्वतः दोन शब्द बोलून पाहावे. आपला आवाज घागरींत बोलल्यासारखा घुमला, तर फट मिटली.

फोमचीं टोंकें मिळतात, तीं भिवंडीसारख्या गांवीं अधिक उपयोगी. बोटांनीं दाबून बारीक करावीं, कानांत घालावीं, आणि फुगून नलिकेचा आकार घेईपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावीं. १९९१ मध्यें अमेरिकेत मीड किलियन यांच्या एटिमोटिक कंपनीनें ईआर-४ नांवाचे कानांत खोलवर बसणारे इअरफोन काढले. तेव्हांपासून एकावर एक तीन कंगोऱ्यांच्या आणि फोमच्या टोंकांची वाट रुळली. फोम बाहेरचा आवाज चांगला अडवितो, परंतु तार स्वरांची चकाकी थोडी खातो, आणि कांहीं महिन्यांत मळून निकामी होतो. ज्यांस ऊष्म वर्ण बोचतात, श-ष-स म्हणजे सुया वाटतात, त्यांस मात्र हीच उणीव सुखाची. टोंकाचें भोंक अरुंद कीं रुंद, रबर किती खोल गेलें, यांनींहि ते वर्ण कमीअधिक बोचतात. तेव्हां यंत्रास दोष देण्यापूर्वीं तें थोडें आंतबाहेर सरकवून पाहावें.

इतक्या लहान वस्तूचा एवढा विस्तार आम्हीं केवळ संगीतासाठीं केलेला नाहीं. फट राहिलेला मनुष्य काय करतो? आवाज वाढवितो. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांस ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास एवढी मर्यादा सांगितली आहे. मुलांसाठीं ती ७५ डेसिबलची. दर ३ डेसिबलांस ही मुदत निम्मी होते. कल्याणच्या गाडींत बसून गोंगाटावर मात करण्यासाठीं ९ डेसिबल चढविले, कीं ४० तासांचे ५ उरतात. आणि आमच्या गांवचीं मुलें तर रोज दोन तास प्रवास करतात. आंतील सूक्ष्म केसांच्या पेशी एकदां गेल्या म्हणजे माणसास पुन्हां येत नाहींत. नीट बसलेल्या रबरानें तोच गायक हलक्या आवाजांत पुरतो.

मागावर काम करणाऱ्या तरुणांची गोष्ट याहून गंभीर. १९४८ च्या कारखाने कायद्याखालील नमुना नियमांनीं ९० डेसिबलची मर्यादा आठ तासांसाठीं धरली होती. मागशाळेंतला आवाज सामान्यतः त्यापुढें जातो आणि पाळी असते बारा तासांची. तेथें इअरफोन लावून गाणीं ऐकणें म्हणजे गोंगाटावर गोंगाट रचणें होय. तेथें फोमचा साधा बोळाच हवा, आणि तो वर सांगितल्याप्रमाणेंच बसवावयास हवा. नुसता तोंडाशीं अडकविलेला बोळा निरुपयोगी. धागा तुटला किंवा धोटा अडखळला तर विणकरास मागाच्या ठेक्यावरूनच कळतें, म्हणून तो बोळ्यास नाखूष असतो. हा आक्षेप पोकळ नाहीं. परंतु बोळ्यानें सर्वच आवाज खालीं येतो आणि ठेक्यांतला फरक सवयीनें पुन्हां ओळखूं येतो. ऐकूं येणें एकदां गेलें तर ठेकाहि गेला.

रस्त्यावर मात्र दोन्ही कान मिटून चालूं नये. आमच्या गल्ल्यांतून टेंपो मागून येतो तो घंटा वाजवून येत नाहीं. कान वाहात असेल किंवा पडद्यास छिद्र असेल त्यानें वैद्याच्या सल्ल्यावांचून कांहींच खुपसूं नये. रबरें आठवड्यांतून एकदां यंत्रापासून काढून कोमट साबणाच्या पाण्यानें धुवावीं, पूर्ण वाळवावीं, आणि एकत्र कुटुंबांत ज्याचीं त्यानें निराळीं ठेवावीं.