किंमत जन्मतानाच द्या

"सगळं इनिशियलायझेशन एका फंक्शनमध्ये ठेवा, मेन सुरू झालं की आधी ते कॉल करा, म्हणजे सगळं एका जागी सापडतं." कोल्हापुरातले एक अनुभवी गृहस्थ नवशिक्या पोरांना हे शिकवतात. पोरं ते पाळतात, म्हणून हा लेख.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. या पातळ्यांवर नजर ठेवणारा जावा प्रोग्राम घ्या. या आकड्यांसाठी फील्ड्स केली, पण किंमत भरायचं काम दुसऱ्या फाइलमधल्या फंक्शनवर सोडलं. सहा महिन्यांनी कुणीतरी दुसऱ्या बंधाऱ्यासाठी नवा ऑब्जेक्ट बनवतो आणि ते फंक्शन कॉल करायला विसरतो. जावा मुकाट्यानं 0 धरते आणि पाणी 15 फुटांवर असतानाच धोक्याची सूचना जाते. हे निदान लक्षात तरी येतं. ताज्या मोजणीचं फील्डच भरायचं राहिलं तर? नदी 45 फुटांवर आणि प्रोग्रामच्या लेखी पाणी 0, सगळं ठीक. कंपायलर हूं की चूं करत नाही. 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या शहरात असा कोड शिकवायचा? सी प्लस प्लसमध्ये तर 0 चीही खात्री नाही, मेमरीत पडलेला कुठलाही कचरा मिळू शकतो.

या सवयीचं मूळ जुनं आहे. सीच्या 1989 च्या स्टँडर्डमध्ये व्हेरिएबल्स ब्लॉकच्या डोक्यावरच घोषित करावी लागत, म्हणून किंमत पुढं कधीतरी मिळे. 1999 च्या स्टँडर्डनं ती अट काढली, पण आपल्या लॅबमध्ये टर्बो सी त्यानंतरही वर्षानुवर्षं ठाण मांडून होतं. भाषेची अडचण गेली, तिची शिस्त म्हणून पूजा मात्र चालू राहिली.

वेगळ्या फंक्शनच्या बाजूनं आणखी एक कारण देतात: कन्स्ट्रक्टरमधून एरर कळवता येत नाही म्हणे. मग एक्सेप्शन कशासाठी आहेत?

ठरलेली किंमत घोषणेच्याच ओळीत लिहा. जागेनुसार बदलणारी किंमत कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरमधून घ्या, आकडा दिला नाही तर कोड कंपाइलच होणार नाही. फाइल उघडणं, डेटाबेस जोडणं मेनमध्ये, क्रमानं करा आणि तयार जोडणी कन्स्ट्रक्टरला द्या. कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड मात्र कॉल करू नका, कारण जावात सबक्लासची फील्ड्स तोवर भरलेली नसतात.