अग्निशमन जवानांचा कर्करोग: विज्ञानाने मान्य केले, कायदा कुठे अडतो?

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात कर्तव्यावर मरण पावलेल्या जवानांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो. आगीत गेलेल्या जवानाला आपण शहीद म्हणतो. त्याच आगींच्या धुराने वीस वर्षांनी कर्करोग झाला, तर मात्र तो त्याचा खासगी आजार ठरतो.

विज्ञान काय सांगते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी) 2022 मध्ये अग्निशमनाचे काम गट 1 मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत टाकले. मूत्राशयाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (फुप्फुस किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग) यांच्याबाबत पुरेसा पुरावा मिळाला. मोठे आतडे, प्रोस्टेट, वृषण यांसारख्या काही कर्करोगांबाबत तो मर्यादित आहे.

गट 1 म्हणजे प्रत्येक जवानाला कर्करोग होणारच, असे नाही. धोका आहे याची खात्री पटली, एवढाच त्याचा अर्थ. तो किती मोठा, हे संपर्कावर ठरते.

आपल्याकडे संपर्क कसा होतो?

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात कारखान्यांचे गाळे आणि गोदामे दाटीने आहेत. अशा ठिकाणी आग लागली की प्लास्टिक, फोम, रंग, रसायने एकत्र जळतात. धुरात बेंझिन, फॉर्माल्डिहाइड आणि काजळीतील घातक हायड्रोकार्बन असतात. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे फुटले, तर ॲस्बेस्टॉसचे तंतू हवेत येतात. हे सगळे फक्त नाकातून जात नाही. घामेजलेल्या मानेवर आणि जांघेत बसलेली काजळी त्वचेतूनही शरीरात शिरते.

कायदा कुठे अडतो?

1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या संरक्षणात अग्निशमन दलातील कामगार येतात. त्याच कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत मूत्राशयाच्या आतील आवरणाचा कर्करोग आहे आणि ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमाही आहे. आता या कायद्याची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.

म्हणजे जवान कायद्यात आहे आणि आजारही आहे. त्यांना जोडणारे वाक्य मात्र नाही. यादी त्या आजारापुढे ‘संबंधित धोक्याशी संपर्क येणारे काम’ एवढेच म्हणते. अग्निशमन हे असे काम आहे, हे त्यात लिहिलेले नाही. ते प्रत्येकाने स्वतंत्रपणे पटवायचे. सेवा संपल्यानंतर आजार झाला, तर तो कामामुळेच झाला हे सिद्ध करण्याचा भारही कामगारावर येतो. दाव्याला मुदत दोन वर्षांची, आणि हे कर्करोग उमटायला अनेकदा काही दशके जातात.

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताने 2002 मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने 2011 मध्ये हा भार उलटा केला. ठरावीक वर्षे सेवा झाली असेल, तर कर्करोग कामामुळेच झाला असे गृहीत धरतात. ऑस्ट्रेलियात मूत्राशयाच्या कर्करोगासाठी ही अट 15 वर्षांची आहे. यादीत नव्या कामाची भर अधिसूचनेने घालण्याची सोय आपल्या कायद्यातही आहे. ती वापरायला हवी.

तोवर काय करावे?

- आग विझल्यावर ढिगारा उपसतानाही बीए सेट काढू नका. धुमसत्या ढिगाऱ्यातून विषारी वायू येतच असतात.
- घटनास्थळीच मान, हात, चेहरा पुसा. ठाण्यावर लवकरात लवकर आंघोळ करा. काजळीचा गणवेश घरच्या कपड्यांत धुऊ नका.
- प्रत्येक मोठ्या आगीची तारीख, ठिकाण, काय जळत होते आणि किती तास काम केले, हे वहीत लिहा. कंत्राटी जवानांनी तर नक्कीच, कारण ठेकेदार बदलला की जुन्या नोंदी मिळणे कठीण होते.
- लघवीतून रक्त गेले, मग ते एकदाच आणि दुखत नसताना का असेना, तपासणी करा. वाढता दम, छातीत सतत दुखणे अंगावर काढू नका.
- तंबाखू सोडा. मूत्राशयाच्या कर्करोगाचे धूम्रपान हे मोठे कारण आहे, आणि दाव्यात पहिले बोट त्याच्याकडेच दाखवले जाईल.

डॉक्टरांनाही एक विनंती. आपण केसपेपरवर विडी-सिगारेटची नोंद करतो, पण रुग्ण काय काम करतो हे बहुधा लिहीत नाही. निवृत्त जवान समोर बसला, तर ‘अग्निशमन दलात इतकी वर्षे’ एवढी एक ओळ लिहा. पुढे भरपाई मागायची वेळ आली, तर त्या कुटुंबाच्या हातात तेवढाच कागद असू शकतो.