वायसर, सूत, आटे

मराठी लघुनिबंधाने आणि त्यानंतरच्या ललित गद्याने घरातल्या बहुतेक वस्तूंना आपल्या पंगतीत बसवून घेतले. छत्री, चष्मा, आरामखुर्ची, पानाचा डबा, जुना कोट यांपैकी कशालाही लेखकाच्या ममतेची उणीव भासली नाही. संडास मात्र या पंगतीबाहेर राहिला. विनोदी लेखनात तो येतो तो चाळीतल्या रांगेपुरता, म्हणजे दाराबाहेर. दाराच्या आत काय आहे, ते कसे चालते आणि बिघडले तर काय करावे, याविषयी आपले वाङ्मय मौन पाळते.

प्रस्तुत लेखाचा विषय या मौनातलाही एक बारीकसा कोपरा आहे. घरच्या संडासात काही बिघडले, किंवा जुना काढून नवा बसवायचा झाला, तर नेमका कोणता भाग आणावा आणि तो कसा ठरवावा, एवढाच. साहित्याच्या अभ्यासकांना याच्याशी काय कर्तव्य, असे कुणी विचारील. माझे मत असे, की हा प्रश्न निम्मा भाषेचा आणि निम्मा आपल्या शुचितेच्या कल्पनांचा आहे. तंत्राचा भाग त्या मानाने सोपा आहे.

त्या क्रियेसाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. परसाकडे जाणे, बहिर्दिशेस जाणे, झाड्याला जाणे असा मोठाच आडपडदा आपण विणून ठेवला आहे. खुद्द 'शौच' हा शब्द 'शुचि'पासून आलेला, म्हणजे मुळात पावित्र्याचा. पण मागच्या भिंतीवर जी पाण्याची टाकी बसली आहे, तिचे झाकण उचलले की आपली समृद्ध भाषा एकाएकी संपते. 'तो आतला फुगा', 'ते वरखाली होणारे', 'खालचे ते रबर' अशा सर्वनामांवर आणि हातवाऱ्यांवर पदव्युत्तर शिक्षण घेतलेला माणूस दुकानात वेळ मारून नेतो. आणि ज्याला नाव घेता येत नाही त्याला निवडही करता येत नाही. त्याच्यासाठी ती दुसरे कुणीतरी करते.

अन्य भाषांतील लेखकांना हे सारे असे वर्ज्य वाटलेले नाही. 'ओर्लांदो फ्युरिओसो' या इटालियन महाकाव्याचा इंग्रजी अनुवाद करणारा सर जॉन हॅरिंग्टन हा पहिल्या एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र. त्याने १५९६ साली 'द मेटॅमॉर्फोसिस ऑफ एजॅक्स' हे पुस्तक लिहिले. एजॅक्स हा ग्रीक वीर, आणि 'जेक्स' म्हणजे त्या काळच्या इंग्रजीत संडास. या श्लेषावर सगळी उपरोधाची इमारत उभी आहे. पण त्याच पुस्तकात त्याने पाण्याने धुतल्या जाणाऱ्या संडासाची आकृती दिली, भागांना अक्षरांच्या खुणा केल्या आणि कशाला किती खर्च येईल तेही मांडले. कवीने सुट्या भागांची यादी किमतींसह छापावी, हा साहित्येतिहासातला फारसा न शिकवला जाणारा प्रसंग आहे. दुसरे उदाहरण जपानचे. जुनइचिरो तानिझाकी यांचा सावल्यांच्या सौंदर्यावरचा निबंध १९३३-३४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तो सौंदर्यशास्त्राच्या संदर्भात वाचला जातो. त्यात लेखक स्वतःचे घर बांधताना संडासात काय बसवावे यावर बराच वेळ घालवतो, हे आपण डोळ्याआड करतो. त्याला फरशा नको होत्या, म्हणून त्याने कापराच्या लाकडाची जमीन करून घेतली. शेवटी अडला तो पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या भांड्यापाशी आणि चकचकीत दांड्यापाशी. दुकानात जे मिळते तेच घ्यावे लागते, ही त्याची तक्रार आजच्या कोणत्याही ग्राहकाला आपली वाटेल.

आता आपल्याकडच्या दुकानात यावे. तिथली मराठी ऐकण्याजोगी आहे. 'वॉशर'चा केव्हाच 'वायसर' झाला आहे. पेचाच्या कण्यांना 'आटे' म्हणतात. आटे 'बसतात', 'चढतात' आणि घाईने फिरवले तर 'मरतात'. इंचाच्या आठव्या भागाला 'सूत' म्हणतात आणि गवंडी, सुतार, प्लंबर हे तिघेही त्याच सुताने बोलतात. चार सूत म्हणजे अर्धा इंच. खाली बसण्याच्या भांड्याला 'ओरिसा पॅन' हे नाव कुठून आले याची चौकशी कुणी करत नाही, पण ते उच्चारताच नेमके भांडे समोर येते. 'सायफन' या शब्दाची कथा तर अर्थविस्ताराच्या तासाला सांगण्यासारखी आहे. जुन्या साखळीच्या बिडाच्या टाकीत खरोखरच सायफन असे. साखळी ओढली की पाणी नळीच्या बाकावरून चढून पलीकडे उतरे. उघडझाप करणारे रबर तळाशी नसल्यामुळे ती टाकी मुकाट झिरपत नसे. ब्रिटनमध्ये तर पाण्याच्या याच बचतीसाठी २००१ पर्यंत सायफन सक्तीचा होता. आज आपल्या प्लॅस्टिकच्या टाकीत सायफन नाही, तळाच्या भोकावर बसणारे झाकण आहे. तरीही कित्येक दुकानांत त्या सबंध जुळणीला 'सायफन'च म्हणतात. वस्तू गेली आणि नाव मागे राहिले. ग्राहकाने मात्र या नावावर विसंबू नये, कारण 'सायफन द्या' म्हटल्यावर हाती काय पडेल याचा भरवसा नाही.

मग विसंबावे कशावर? पाहण्यावर आणि मोजण्यावर. टाकीत बिघडण्यासारख्या मुख्य वस्तू दोनच. एक पाणी आत घेणारी: तिला जुने लोक 'बॉल कॉक' म्हणतात, नव्या बनावटीत चेंडूऐवजी उभ्या दांड्यावर सरकणारा छोटा डबा असतो. दुसरी पाणी भांड्यात सोडणारी, म्हणजे फ्लश व्हॉल्व्ह; त्याच्या तळाशी रबराची चकती आणि मधोमध ओव्हरफ्लोची उभी नळी असते. भांड्यात सतत पाण्याची धार उतरते आहे, तर दोष यांपैकी कुणाचा? पाणी उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढून तिच्यातून आत पडत असेल, तर बॉल कॉक वेळेवर बंद होत नाही. अनेकदा त्याची उंची थोडी खाली केली की काम भागते, पैसाही लागत नाही. पाणी त्या तोंडाच्या खाली असूनही धार चालू असेल, किंवा रात्री टाकी आपोआप भरल्याचा आवाज येत असेल, तर भिंतीवरचा अँगल कॉक बंद करावा, टाकीच्या आतल्या बाजूस पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ ओढावी आणि तासाभराने पाहावे. पातळी उतरली असेल तर तळाची चकती गेली. खात्री नसेल तर टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून ठेवावा. फ्लश न दाबता रंग भांड्यात उतरला की निकाल लागला. बोअरच्या जड पाण्याने चकतीवर क्षार बसतात आणि ती कडक होते. टाकीत टाकायच्या निळ्या वड्यांतली रसायनेही रबर लवकर खातात, हे त्या वड्यांच्या जाहिरातीत नसते.

ही चकती दहा-वीस रुपयांच्या घरातली वस्तू. आणि तीच दुकानात मिळत नाही. 'सुटी येत नाही, सेट घ्या' हे वाक्य बहुतेकांनी ऐकले असेल. सेट घेतला तर बटणाचा व्यास जुन्या झाकणाला जुळत नाही, मग झाकण बदला. टाकीचे भोक दोन इंची आणि सेट तीन इंची, मग टाकीच बदला. एकसंध कमोड असेल तर टाकी वेगळी नसतेच, मग संपूर्ण कमोड बदला. वीस रुपयांच्या रबरापासून हजारोंच्या खर्चापर्यंतचा हा प्रवास एका दुपारीत होतो, आणि ज्याला भागाचे नाव व माप ठाऊक नाही तो वाटेत कुठेही उतरू शकत नाही. केंद्र शासनाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांचा विचार झाला. भिंतीच्या आत टाकी लपवणाऱ्या नव्या बनावटींकडेही कुणी पाहायला हवे. ज्या टाकीचे भाग त्या एकाच कंपनीचे लागतात ती भिंतीत चिणून घेण्यापूर्वी, दहा वर्षांनी हे भाग मिळतील का, एवढे तरी विचारावे. दुसरा पक्ष असा की लोक दुरुस्ती न करता धार तशीच वाहू देतात. अर्ध्या तासाला सहा लिटर एवढीच गळती धरली तरी दिवसाचे २८८ लिटर होतात. मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरांसाठी माणशी दररोज १३५ लिटर हे आपल्याकडचे मानक आहे. म्हणजे दोन माणसांचे पाणी, कुणीही न वापरता.

नवा कमोड आणताना मात्र मापात चूक झाली तर ती निस्तरणे महाग पडते. पहिला प्रश्न एस ट्रॅप की पी ट्रॅप: घाण पाण्याची वाट खाली जमिनीत जाते की मागे भिंतीत. एस असेल तर भिंतीपासून जमिनीतल्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर हवे. आपल्या बाजारात चार, नऊ आणि बारा इंच ही मापे रुळली आहेत. हे अंतर फरशी लावून झालेल्या भिंतीपासून मोजायचे. विटांपासून मोजले तर प्लास्टर आणि फरशी मिळून इंचाचा फरक सहज पडतो, आणि कमोड भिंतीला टेकतो तरी किंवा पुढे सरकून बसतो. अमेरिकी चलचित्रे पाहून 'वॅक्स रिंग' शोधत हिंडणारे गृहस्थ हल्ली भेटतात. तिकडे बारा इंचांचे अंतर आणि जमिनीवर पक्के केलेले कडे गृहीत असते. आपल्याकडे बहुधा रबरी कनेक्टर लागतो, आणि प्लंबर कमोडचा पाया पांढऱ्या सिमेंटात गाडून मोकळा होतो. ते करू देऊ नये. स्क्रू आणि सिलिकॉनवर बसवलेला कमोड पुढे अखंड काढता येतो. सिमेंटातला फोडूनच निघतो.

इतके साधे असूनही आपण टाकीचे झाकण उचलत नाही, याचे कारण अज्ञान नाही असे मला वाटते. त्या टाकीतले पाणी स्वयंपाकघरातल्या नळाला येते तेच असते; गच्चीवरच्या एकाच टाकीतून दोन नळ्या फुटलेल्या असतात. तरीही त्यात हात घालण्याची किळस वाटते. ही किळस नाकाची नाही, वारशाची आहे. ज्या घरांत टोपलीचे संडास होते, तिथे मागच्या बोळातून येऊन ते साफ करणाऱ्याचे नावही घरात ठाऊक नसे. कोरड्या संडासांना आणि मैला हाताने उचलवून घेण्याला बंदी करणारा कायदा १९९३ मध्ये झाला. तो पुरेसा ठरला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला, आणि गटारांत माणसे मरण्याच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या. कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. सवर्ण कैद्याला भंगीकाम देता येत नाही या नियमाविरुद्ध त्यांनी उपोषण केले, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडले. पुढे त्याच अप्पासाहेबांनी कणकवलीच्या गोपुरीत कमी खर्चाच्या संडासाच्या रचनेवर काम केले. काम मागण्यापासून रचनेपर्यंतचा हा टप्पा मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या आत्मचरित्रवाङ्मयाच्या चर्चेत पहिला भाग क्वचित येतो आणि दुसरा जवळजवळ नाहीच.

शब्दांच्या बाबतीत आपला, म्हणजे मराठीच्या शिक्षकांचा, दोष वेगळा नाही. हृदयाच्या 'झडपा' आपण शाळेत शिकलो. फ्लश व्हॉल्व्हलाही झडप म्हणता येईल आणि सायफनला वक्रनलिका. परिभाषेच्या कामाला मी तुच्छ लेखत नाही. कायदा आणि पाठ्यपुस्तके यांना ती लागतेच. पण 'वक्रनलिका द्या' असे म्हणून कुणाला काही मिळणार नाही, आणि 'वायसर' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत आपण लाल रेघ ओढतो ती कोणत्या अधिकाराने, हे एकदा ठरवले पाहिजे. सूत आणि आटे हे तर कोणत्याही शुद्धतावाद्याने मिठीत घ्यावेत असे शब्द आहेत. तेही निबंधात दिसत नाहीत, कारण ते वापरणारे हात निबंध लिहीत नाहीत.

'व्यावहारिक मराठी'च्या अभ्यासपत्रिकेत आपण अर्ज, इतिवृत्त आणि जाहिरात लिहायला लावतो. माझी सूचना अशी, की यंदा एक माहितीपत्रक लिहायला द्यावे: टाकीच्या तळाची चकती कशी बदलावी. अँगल कॉक उजवीकडे फिरवून बंद करा. फ्लश दाबून टाकी रिकामी करा. मधला व्हॉल्व्ह डावीकडे थोडा फिरवून वर उचला. जुनी चकती काढा, तिचा बाहेरचा आणि आतला व्यास मोजा, आणि नवी आणायला जाताना जुनी खिशात ठेवा. बसायची जागा ओल्या फडक्याने पुसा. तिथे क्षार राहिले तर नवी चकतीही झिरपेल. पुढच्या वाक्यात 'व्हॉल्व्ह खाली दाबून बसवा' म्हणायचे, की 'खाचेत बसेपर्यंत फिरवा' म्हणायचे, यावर वर्गात वाद होईल. तो मिटवण्यासाठी कुणाला तरी उठून झाकण उचलून पाहावे लागेल.