रात्रपाळी आणि न सरणारे आजारपण

ताप उतरला की कामगार बरा झाला, अशी आपल्याकडे समजूत आहे. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्या पसरला, तेव्हा ताप गेल्यावरही कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहिले. कोविडनंतर थकवा व निद्रानाश मागे उरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या अवस्थेची व्याख्याही केली.

झोप, शरीराचे तापमान, रोगप्रतिकार यांची वेळ मेंदूतील एक घड्याळ लावते, आणि ते उजेडावर चालते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत या आठवड्यात दिवसपाळी, पुढच्यात रात्रपाळी. मग भर दुपारी पत्र्याखाली झोप. धडधाकट माणसाचेही घड्याळ येथे बिघडते, मग नुकत्याच दुखण्यातून उठलेल्याचे काय? कोणी पहाटे ताजातवाना असतो, कोणी मध्यरात्री. हा भेद बराचसा उपजत आहे. मुकादम त्याला आळस म्हणतो.

कामगार राज्य विमा योजना आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन देते. परंतु कामावर परतताच पुन्हा रात्रपाळी, हे कसले बरे होणे? डॉक्टर सांगेल तोवर अशा कामगारास दिवसपाळीच द्यावी, हे कलम आपल्या संघटनांनी करारात घातले पाहिजे. त्या काळात रात्रपाळीचा भत्ता बुडणार नाही, हेही त्यात स्पष्ट लिहावे. नाहीतर गरजू कामगार स्वतःच ती सवलत नाकारील.